वेळापत्रकात न मावलेली मिनिटे

वाफेच्या इंजिनाची तहान मोठी होती. किती मैलांनी टाकी रिकामी होईल, चढावर पाणी किती जास्त लागेल, कोणत्या स्टेशनात किती मिनिटे उभे राहावे लागेल, हा सगळा हिशेब रेल्वेने रूळ टाकतानाच मांडला होता. म्हणून ठरावीक अंतरावर विहिरी खणल्या, उंच टाक्या बांधल्या, फलाटाच्या टोकाला लोखंडी वॉटर कॉलम उभे केले. इंजिन चालवणाऱ्या माणसालाही पाणी लागते आणि प्यायलेले पाणी शरीराबाहेर टाकावे लागते, हा हिशेब मात्र कोणत्याच कागदावर आला नाही. इंजिन पाणी भरायला थांबे, तेवढ्यात माणूस आपले उरकून घेई. भारतीय रेल्वेची पहिली शंभर वर्षे याच उसन्या मिनिटांवर निभावली.

ही हकिकत पुणे–मिरज लोहमार्गाच्या आधाराने सांगता येते. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे याच मार्गावर आहेत. इंजिनात बसून काम करणारी देशातली पहिली स्त्री याच पट्ट्यातून आली. हकिकतीत पुढे येणारे वळण समजायलाही तिचीच कारकीर्द मदत करते.

पाण्याचे थांबे

१८७६–७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन होरपळले. धान्य होते, पण ते पोचवायला वाटा नव्हत्या. दुष्काळी मुलखात रेल्वे नेण्यासाठी १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी उभी राहिली आणि त्याच दशकात तिचे मीटरगेज रूळ पुण्याहून जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार, कोरेगाव, कऱ्हाड असे करत मिरजेला आले. पुढे कोल्हापूर संस्थानाने १८९१ मध्ये मिरजेपर्यंत स्वतःचा फाटा आणला. १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी कुर्डुवाडी–पंढरपूरकडून मिरजेला पोचली. मिरज हे जंक्शन झाले आणि ड्रायव्हर, फायरमन, गार्ड यांच्या वस्तीचे गाव झाले.

या मार्गाला सोपे म्हणता येणार नाही. पुणे सोडले की शिंदवण्याचा घाट, लोणंदच्या पुढे सालपे–आदर्कीचा घाट. चढावर फायरमन भट्टीत सारखा कोळसा मारत राही. समोर भट्टीची धग, पाठीवर दख्खनचे ऊन, अंगावर कोळशाची पूड. अशा जागी माणसाचे घामातच लिटरच्या लिटर पाणी जाते, ते भरून काढायला तो पीतही राहतो. इंजिनाच्या त्या उघड्या फलाटावर, ज्याला रेल्वेची माणसे फूटप्लेट म्हणत, बसायला नीट जागा नव्हती. आडोशाची तर बातच नको.

तरी तिथे एक सोय आपोआप झाली होती. दर काही कोसांवर इंजिनाला थांबावेच लागे. पाणी भरायचे, राख झाडायची, भट्टी साफ करायची, ड्रायव्हरने तेलाचा डबा घेऊन सांधे न् सांधे तपासायचे. त्यात मार्ग एकेरी. समोरून गाडी येणार असेल तर लूप लाइनीत वाट पाहत उभे राहायचे. रेल्वेच्या भाषेत ‘क्रॉसिंगला पडायचे’. कधी दहा मिनिटे, कधी तास. स्टेशनाबाहेर बाभळीचे बन असे, ओढा असे. पुरुष खाली उतरून चार पावले बाजूला जाऊन येत. चालत्या गाडीत अगदीच वेळ आली तर काय करायचे, हे जुने ड्रायव्हर नव्यांना शिकवत. ते कुठल्या नियमपुस्तकात नव्हते. या नोकरीत बाई येईल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते, त्यामुळे बाभळीच्या बनावर सगळ्यांचे भागत होते.

प्रवासी आणि चालक

शरीरधर्माचा प्रश्न रेल्वेला कळलाच नाही असे म्हणता येत नाही. डब्यातल्या प्रवाशांच्या बाबतीत तो कळला होता. प्रथम वर्गाच्या डब्यांत एकोणिसाव्या शतकातच शौचालये आली. खालच्या वर्गांच्या प्रवाशांना मात्र स्टेशन आले की धावत उतरावे लागे. १९०९ मध्ये ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगाली प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला मोडक्यातोडक्या इंग्रजीत तक्रार लिहिली. फणस खाऊन पोट बिघडले, अहमदपूर स्टेशनात तो उतरला, तेवढ्यात गार्डाने शिटी वाजवली आणि एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर धरून धावताना तो फलाटावर सगळ्यांसमोर पडला. ते पत्र दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात मांडले गेले आणि लोक ते वाचून हसत आले. त्याच्या अपमानात मोठे गाऱ्हाणे होते आणि ते ऐकले गेले. पुढच्या काळात तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतही शौचालये आली.

त्या गाडीच्या सर्वात पुढे उभ्या असलेल्या दोन-तीन माणसांची गोष्ट कोणी लिहिली नाही. डब्यांत सोय झाल्यावर प्रवाशांसाठी गाडी लांब थांबवण्याची गरजही कमी झाली. इंजिनातून डब्यात जायला वाट नव्हती. एकाच गाडीत हजार माणसांना सोय मिळाली आणि ती गाडी ओढणाऱ्यांना मिळाली नाही.

पुणे–मिरज मार्गावर याहून बोलका विरोधाभास आहे. कुंडल रोड नावाच्या लहानशा स्टेशनाजवळ लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळरानावर कारखाना आणि वसाहत उभारली. पुढे स्टेशनालाही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले. सातारा रोड स्टेशनाजवळ धनजीशा कूपर यांचा इंजिनांचा कारखाना चालू झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना अधिनियम आला. त्याच्या १९ व्या कलमाने प्रत्येक कारखान्यात पुरेशी शौचालये आणि मुताऱ्या, स्त्री-पुरुषांसाठी वेगवेगळ्या, आणि कामगाराला कामाच्या वेळेत केव्हाही जाता येईल अशा जागी असल्याच पाहिजेत असे मालकावर बंधन घातले. म्हणजे किर्लोस्करवाडीत लेथवर उभ्या असलेल्या कामगाराचा हा हक्क कायद्याने लिहिला गेला. त्याच कारखान्याच्या भिंतीलगत रोज धडधडत जाणाऱ्या इंजिनावरचा कामगार त्या कलमात बसत नव्हता. त्याची कामाची जागा चार भिंतींची नव्हती, ती ताशी पन्नास-साठ किलोमीटरने पुढे सरकत होती.

रस्त्यावरच्या वाहतुकीलाही पुढे कायदा मिळाला. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमाने सलग पाच तासांच्या कामानंतर चालक-वाहकाला किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली. स्वारगेटहून सांगलीला निघालेल्या बसच्या चालकाला कागदावर तरी हा अर्धा तास मिळाला. शेजारच्या रुळांवरून त्याच दिशेने निघालेल्या इंजिनचालकाला तो मिळाला नाही.

दहा तासांची लढाई

इंजिनचालकांची तक्रार सरकारदरबारी पोचली ती कामाच्या तासांच्या रूपाने. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ मध्ये आठ तासांच्या दिवसाचा करार केला, त्याला अनुसरून १९३० मध्ये भारतीय रेल्वे कायद्यात कामाच्या तासांचे प्रकरण घातले गेले. १९४७ मध्ये न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांनी रेल्वे कामगारांच्या तासांबद्दलचा निवाडा दिला. कोणाचे काम सलग, कोणाचे खंडित, याची वर्गवारी झाली, आठवड्याचे तास आणि विश्रांती मोजली गेली. तरी गाडीवर गेलेला माणूस घरी कधी परत येईल याचा भरवसा नव्हता. चौदा-सोळा तासांची सलग ड्यूटी ही नित्याची गोष्ट होती.

लोको रनिंग स्टाफच्या संघटनेने १९७३ च्या ऑगस्टमध्ये देशभर इंजिने थांबवली. तेव्हाचे रेल्वेमंत्री ललितनारायण मिश्र यांनी साइन ऑनपासून साइन ऑफपर्यंत, म्हणजे ड्यूटीवर हजर झाल्यापासून सुटेपर्यंत, दहा तासांची मर्यादा मान्य केली. त्या आश्वासनाची अंमलबजावणी रेंगाळली, इतर मागण्या साठत गेल्या आणि ८ मे १९७४ ला जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशातला सर्वात मोठा रेल्वे संप सुरू झाला. सुमारे सतरा लाख कामगारांचा तो लढा वीस दिवसांत, २७ मे रोजी मागे घ्यावा लागला. हजारो लोक तुरुंगात गेले, नोकऱ्या गेल्या, रेल्वेच्या वसाहतींतून कुटुंबे बाहेर काढली गेली.

या लढ्याचे मोल कमी लेखता येणार नाही. दहा तासांचा नियम हा त्याच पिढीने कमावलेला ठेवा आहे. पण त्यात एक जागा मोकळीच राहिली. ड्यूटी किती तासांची हे ठरले, त्या तासांच्या आत माणसाने जेवायचे कधी आणि लघवीला जायचे कधी, हे ठरले नाही. तेव्हा ते सुचले नाही याला कारण होते. वाफेची इंजिने अजून मोठ्या संख्येने धावत होती आणि ती थांबत होती.

थांबे गेले

नेमक्या याच काळात रुळांवर सगळे बदलत होते. १९७० च्या सुमारास पुणे–मिरज–कोल्हापूर मार्गाचे ब्रॉडगेज झाले. मुंबईहून थेट कोल्हापूरपर्यंत महालक्ष्मी एक्सप्रेस धावू लागली, सांगली-साताऱ्याच्या माणसाला मुंबई एका रात्रीच्या अंतरावर आली. वाफेच्या जागी डिझेल इंजिन आले. १९६२ मध्ये आयात झालेले आणि १९६४ पासून वाराणसीत बनू लागलेले डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन देशाचे मुख्य वाहन बनले.

डिझेलने चालकाला भट्टीच्या धगीतून सोडवले, बसायला आसन आणि डोक्यावर छप्पर दिले. कोळसा मारणाऱ्या फायरमनच्या कमरेला विसावा मिळाला, तो असिस्टंट झाला. त्या बदल्यात थांबे गेले. डिझेल इंजिनाला दर तीस-चाळीस किलोमीटरवर पाणी लागत नाही, राख झाडावी लागत नाही. वॉटर कॉलम गंजू लागले आणि त्यांच्यासोबत ती उसनी मिनिटेही गेली. भलेमोठे यंत्र बसवायला इंजिनाच्या आराखड्यात जागा होती, केबिनमध्ये दोन माणसांची आसने होती, शौचालय नव्हते. पुढे या मार्गावर विजेची इंजिने आली, त्यांतही नव्हते.

यानंतरची प्रत्येक सुधारणा याच दिशेने गेली. सिग्नल सुधारले, वेग वाढला, मधल्या स्टेशनांवरचे थांबे एक-दोन मिनिटांवर आले. पुणे–मिरज मार्गाचे अलीकडच्या वर्षांत विद्युतीकरण आणि दुपदरीकरण झाले. क्रॉसिंगला पडण्याचा काळ आटला. प्रवाशाला हे सारे हवेच होते आणि आहे. पण एक-दोन मिनिटांत इंजिनाच्या शिडीवरून खाली उतरून, फलाटाच्या पुढे उभ्या राहिलेल्या इंजिनापासून स्टेशनातल्या शौचालयापर्यंत जाऊन परत येणे शक्य नसते. मालगाडीची गत वेगळी. ती तासन् तास थांबते, पण आउटर सिग्नलला, जिथे एका बाजूला शेत आणि दुसऱ्या बाजूला उतार असतो. सिग्नल केव्हा पडेल सांगता येत नाही.

सुरक्षेसाठी आलेल्या साधनांनीही चालकाला खुर्चीला बांधले. नव्या इंजिनांत जागरूकता तपासणारे यंत्र असते. सुमारे मिनिटभर चालकाने कोणतेही नियंत्रण हलवले नाही तर आधी दिवा लागतो, मग बझर वाजतो आणि तरीही प्रतिसाद मिळाला नाही तर गाडीचे ब्रेक आपोआप लागतात. लोकल गाडीच्या मोटरमनची खोली तर एकट्याची. हँडलवरचा हात सुटला की गाडी थांबते. हजारो जिवांसाठी हे योग्यच आहे. चालकाचे लक्ष क्षणभरही ढळता कामा नये, असे रेल्वेला वाटते. मग त्याच चालकाचे लक्ष भरलेल्या मूत्राशयाने ढळते, याची दखल सुरक्षेच्या नियमांत का घेतली नाही, हा प्रश्न विचारावाच लागतो.

साताऱ्याची लेक

सुरेखा भोसले यांचा जन्म २ सप्टेंबर १९६५ चा, साताऱ्यातला. शेतकरी कुटुंबातल्या पाच भावंडांत त्या थोरल्या. साताऱ्याच्या सेंट पॉल शाळेत शिक्षण झाल्यावर त्यांनी कऱ्हाडच्या शासकीय तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली. सहायक चालकाच्या जागेसाठी रेल्वेची लेखी परीक्षा दिली, तेव्हा उमेदवारांत त्या एकट्याच बाई होत्या. कल्याणच्या प्रशिक्षण शाळेत तयारी करून १९८९ मध्ये त्या नियमित सहायक चालक झाल्या. वाडीबंदर–कल्याण मालगाडीपासून त्यांनी सुरुवात केली. १९९० मध्ये लग्न होऊन त्या सुरेखा यादव झाल्या. पुढे मालगाडीच्या चालक, २००० मध्ये मोटरवूमन, मग घाटातल्या गाड्यांच्या चालक अशा पायऱ्या त्या चढत गेल्या. ८ मार्च २०११ ला त्यांनी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन नेली. १३ मार्च २०२३ ला सोलापूर–मुंबई वंदे भारत चालवली. ३० सप्टेंबर २०२५ ला, छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर त्या निवृत्त झाल्या.

साताऱ्याने, कऱ्हाडने आणि सगळ्या महाराष्ट्राने त्यांचा सत्कार केला, तो रास्तच होता. पण सत्काराच्या भाषणांत एक गोष्ट राहून जाते. ज्या वर्षी त्या केबिनमध्ये चढल्या त्या वर्षी भारतातल्या एकाही इंजिनात शौचालय नव्हते, आणि त्यांच्या सेवेची पहिली सत्तावीस वर्षे ही स्थिती तशीच होती. रेल्वेने दार उघडले, परीक्षा घेतली, गणवेश दिला. बाई आत आल्यावर तिच्या शरीराला काय लागेल याचा विचार मात्र केला नाही.

पुरुषांसाठी ही अडचण होती, बाईसाठी ती कामाचीच आडकाठी झाली. पुरुष रुळाकाठी पाठ वळवून उभा राहू शकतो, समाज त्याकडे काणाडोळा करतो. बाईला आडोसा, दार, पाणी आणि सुरक्षितता हे चारही लागते. पाळीच्या दिवसांत पॅड बदलायला जागा लागते, गरोदरपणात तर वारंवार जावे लागते. स्त्रीची मूत्रनलिका आखूड असल्यामुळे लघवी तुंबवली की संसर्ग लवकर होतो. म्हणून बायका सर्वात सोपा आणि सर्वात घातक उपाय करतात. ड्यूटीच्या आधी काही तास पाणी पिणे बंद करतात. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या केबिनमध्ये आठ-नऊ तास तहान मारून बसले की लघवीच्या वाटेचा दाह, मूतखडा, चक्कर हे पाठोपाठ येते.

स्टेशनात गाडी थांबवून जायचे म्हटले तरी त्याची रीत अशी, की वॉकीटॉकीवरून कळवायचे, स्टेशन मास्तरने कंट्रोलला सांगायचे, परवानगी आली की उतरायचे. त्या लहरीवर असलेला प्रत्येक जण ते ऐकतो. देशात आज दीड हजाराहून अधिक स्त्रिया इंजिनचालक आणि सहायक चालक आहेत. त्यांच्यातल्या काहींनी २०२४ मध्ये रेल्वे बोर्डाला लिहून कळवले, की एक तर कामाची परिस्थिती सुधारा, नाहीतर आम्हाला दुसऱ्या विभागात बदली द्या. सुरेखाताईंनी उघडलेल्या दारातून आत आलेल्या मुलींवर बाहेर पडायची परवानगी मागायची वेळ यावी, हे रेल्वेला शोभणारे नाही.

२०१६ चा उन्हाळा

त्या वर्षी लातूर तहानेने व्याकूळ होते. घागरींच्या रांगांवरून भांडणे होऊ नयेत म्हणून तिथे जमावबंदी लावावी लागली होती. मदतीला आली ती मिरज. कृष्णेचे पाणी मिरज स्टेशनात आणून शुद्ध केले गेले, राजस्थानातल्या कोट्याहून धुऊन आलेल्या टँकर-वाघिणींत भरले गेले आणि ११ एप्रिल २०१६ ला दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन ‘जलदूत’ नावाची गाडी लातूरकडे निघाली. ३४२ किलोमीटरचा प्रवास करून १२ एप्रिलला ती पोचली. पुढे पन्नास वाघिणींत पंचवीस लाख लिटर पाणी नेणाऱ्या गाड्या गेल्या. रेल्वे या संस्थेच्या थोरवीचे ते दर्शन होते आणि मिरजेच्या रेल्वे कामगारांनी त्यासाठी दिवसरात्र राबून दाखवले. दुष्काळी मुलखासाठी मिरजेला आलेल्या रेल्वेने सव्वाशे वर्षांनी तेच काम पुन्हा केले.

त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या हस्ते जैव-शौचालय असलेले पहिले इंजिन सेवेत आले. देशात पहिली प्रवासी गाडी १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला धावली, तेव्हापासून मोजले तर १६३ वर्षे गेली. चालकांच्या संघटनांनी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे दार ठोठावले होते, आयोगाने रेल्वेला जाब विचारला होता आणि त्यानंतर हे घडले होते. कोकणच्या सुपुत्राच्या हातून ही सुरुवात व्हावी याचा मराठी माणसाला आनंदच आहे.

त्या शौचालयाची रचना अशी केली होती, की गाडीचा वेग शून्य असेल आणि ब्रेक लावलेले असतील तेव्हाच दार उघडावे. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबर होते. पण मूळ प्रश्न तिथेच राहिला. शौचालय मिळाले तरी थांबण्याची मिनिटे हवीतच, आणि ती वेळापत्रकात नाहीत.

२०१८ पासून नव्या इंजिनांत पाण्याशिवाय चालणाऱ्या मुताऱ्या बसवण्याचे धोरण आले. २०२५ मध्ये रेल्वेने सांगितलेला आकडा ८८३ इंजिनांचा होता. हजारो इंजिनांच्या ताफ्यात तो आकडा लहान आहे, तरी शून्यापेक्षा तो मोठा आहे.

जुलै २०२४ मध्ये रेल्वेने चालकांच्या मागण्यांवर विचार करायला एक समिती नेमली. जेवणासाठी आणि नैसर्गिक विधीसाठी ठरावीक वेळ नियमात लिहा, ही त्यांतली एक मागणी. समितीचा निष्कर्ष रेल्वे बोर्डाने ४ एप्रिल २०२५ च्या पत्राने कळवला. गाड्या चालवण्याच्या दृष्टीने अशी सुटी कायद्यात बसवणे व्यवहार्य नाही, असे त्यात म्हटले होते. केबिनमध्ये चालकांचा आवाज आणि हालचाल टिपणारे कॅमेरे बसवण्यालाही समितीने हरकत घेतली नाही. रेल्वेचे म्हणणे असे, की गाडी स्टेशनात थांबते तेव्हा चालकाला जाता येते आणि कर्मचारी त्याला सहकार्य करतात. सहकार्य होतही असेल. पण सहकार्य मागावे लागते, नियम मागावा लागत नाही.

रुळांच्या दोन्ही बाजूंना

कऱ्हाड सोडले की शेणोली, ताकारी, भिलवडी, नांद्रे असे करत गाडी उसातून जाते. दिवाळीनंतर या फडांत बीड, धाराशिव, अहिल्यानगरकडच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, पैसे तोडलेल्या उसाच्या टनांवर मिळतात आणि एका दिवसाचा खाडा पडला तर दंड कापला जातो. त्या बाईला ना आडोसा, ना पाणी, ना थांबायची मुभा. बीड जिल्ह्यातल्या अशा स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून विधिमंडळात प्रश्न उठला, तेव्हा २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. वारंवारचे संसर्ग, कर्ज, खाड्याची भीती आणि घाईने सुरी चालवणारे दवाखाने अशा अनेक गोष्टींनी मिळून तो आकडा बनला आहे. कामाच्या मध्ये शरीरासाठी वेळ नसणे ही त्यातली पहिली कडी.

इंजिनचालकाला पगार आहे, संघटना आहे, सेवानियम आहेत. ऊसतोड बाईकडे यातले काहीच नाही. तरीही दोघांच्या कामाचे गणित एकाच पद्धतीने मांडले गेले. टन मोजले, किलोमीटर मोजले, उशीर मोजला, आणि शरीर ही ज्याची त्याची खासगी बाब मानून सोडून दिली.

हे असेच चालते असे नाही. केरळात कोझिकोडच्या मिठाई तेरुवू या बाजारपेठेत कापड दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी पी. विजी यांच्या नेतृत्वाखाली आधी शौचालयासाठी आणि मग बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला. दिवसभर उभे राहायचे आणि जायला जागा नाही, म्हणून त्याही पाणी पीत नसत. २०१८ मध्ये केरळ सरकारला दुकाने कायदा बदलावा लागला. अमेरिकेत कामगार सुरक्षा विभागाने १९९८ मध्ये स्पष्ट केले, की नुसते शौचालय बांधून भागत नाही. कामगाराला गरज असेल तेव्हा तिथे जाऊ दिले पाहिजे. मुंबईत २०११ पासून चाललेल्या राइट टू पी चळवळीने बायकांसाठी मोफत, स्वच्छ, सुरक्षित मुताऱ्यांचा प्रश्न महापालिकेच्या दारात नेला. या तिन्ही ठिकाणी बदल तेव्हाच झाला, जेव्हा लाज बाजूला ठेवून कोणीतरी हा विषय मोठ्याने बोलले.

पुणे–मिरज मार्गावर आज काय करता येईल हे अवघड कोडे नाही. गाडीचे वेळापत्रक आखताना वळणांवरचा कमी वेग, घाटातली चढण, रुळांची दुरुस्ती यांसाठी मिनिटे राखून ठेवतात. तसाच, काही तासांनी एकदा, शौचालय असलेल्या ठरावीक स्टेशनात चालकासाठी थांबा राखता येतो. सातारा, कऱ्हाड, सांगली या स्टेशनांत इंजिन जिथे उभे राहते त्या टोकाला स्वच्छ, कुलूप न लावलेले शौचालय बांधता येते. जुन्या इंजिनांत सोय बसवण्याला मुदत घालता येते. वॉकीटॉकीवर कारण न सांगता, एका सांकेतिक शब्दावर परवानगी देता येते. उसाच्या फडात कारखान्याला फिरती शौचालये नेता येतात. आणि हे सारे कोणाच्या सौजन्यावर न सोडता नियमात लिहिता येते, जसे १९४८ मध्ये किर्लोस्करवाडीच्या कामगारासाठी लिहिले गेले.

गाडी पाच मिनिटे उशिरा पोचेल, अशी हरकत घेतली जाईल. जिच्या भरवशावर आपण रात्रभर गाढ झोपून मुंबईहून सांगलीला येतो, त्या बाईसाठी किंवा त्या माणसासाठी ही पाच मिनिटे द्यायला आपण प्रवासी तयार आहोत, हे रेल्वेला आपणच सांगितले पाहिजे. १९०९ मध्ये एका प्रवाशाच्या पत्राने प्रवाशांचा प्रश्न पुढे आणला होता. चालकांसाठी तशी पत्रे आता प्रवाशांनी लिहायला हवीत.